साथीच्या काळात हेल्थ पोस्टने काय करावं आणि काय मुळीच करू नये?

चौकस

कोविड म्हटलं की मुंबईकराला बीकेसीचं आणि नेस्कोचं जंबो केंद्र आठवतं, वरळीचा डोम आठवतो, रेमडेसिविरच्या रांगा आठवतात. पण आपल्या वॉर्डातला महापालिकेचा हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र, कुठे आहे, हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही.

माझं मत आधीच मांडून टाकतो, म्हणजे झोडपायला सोपं. खाटा कमी पडल्या हे अर्धंच खरं. पहिला ताप आल्यापासून खाट लागेपर्यंत जे सहा-सात दिवस जातात, त्या दिवसांत रुग्णावर नजर ठेवणारं कुणी नव्हतं, ही खरी अडचण. ज्यांनी ती ठेवायची, त्यांना आपण साथ येताच रोजचं काम सोडायला लावून याद्या भरायला बसवलं. बाळांच्या लसी थांबल्या, क्षयाचे रुग्ण हातून निसटले, बीपी-शुगरवाले महिनोन्‌महिने गोळ्यांशिवाय राहिले.

तर प्रश्न शीर्षकातच आहे. "यंत्रणा सक्षम करायला हवी" छापाची उत्तरं नकोत, ती वर्तमानपत्रांत भरपूर मिळतात. काय, किती, कसं आणि कुठे फसतं ते लिहा.

पहिला_नंबर

मी पयला. आता धागा वाचतो.

वॉर्डवाली

चर्चा भरकटण्याआधी एक खुलासा. डिस्पेन्सरी आणि हेल्थ पोस्ट एक नव्हेत. डिस्पेन्सरीत डॉक्टर, औषधाची खिडकी, केसपेपर. आजारी माणूस तिथे चालत येतो. हेल्थ पोस्ट उलट दिशेने चालतो, तिथली माणसं वस्तीत जातात: एएनएम म्हणजे प्रशिक्षित परिचारिका, सीएचव्ही म्हणजे आरोग्य सेविका, आणि वर एक वैद्यकीय अधिकारी. लसीकरण, गरोदर बाया, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण ही त्यांची कामं. जागतिक बँकेच्या पैशातून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'आयपीपी-५' नावाची योजना आली, त्यातून मुंबईत हे पोस्ट उभे राहिले. कोविडच्या वेळी वॉर्ड २४ होते आणि प्रत्येक वॉर्डाला एक एमओएच, म्हणजे वॉर्डाचा आरोग्य अधिकारी.

सीएचव्ही ही त्याच वस्तीत राहणारी बाई. तिला पगार नाही, मानधन. तिच्याकडे काहीशे घरांची वही असते: कोणत्या खोलीत किती माणसं, कोण गरोदर, कुणाचं मूल पाच वर्षांखालचं, कुणाला टीबीचं औषध चालू. साथीत महापालिकेकडे सगळ्यात मोलाची चीज कुठली असेल तर ती ही वही. पत्ता शोधायला सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा हीच चालली.

म्हणून चौकस यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जे काम वहीशिवाय होत नाही ते हेल्थ पोस्टने करावं. जे कुणीही करू शकतो (टोकन वाटणं, संगणकात आकडे भरणं, विमानतळावर तापमान बघणं) ते करू नये.

गिरणगावकर

@वॉर्डवाली, वहीबद्दल शंभर टक्के सहमत. पत्त्याचा घोळ काय असतो ते ज्याने यादी हातात घेऊन गल्ली पालथी घातली त्यालाच कळतं. रात्री प्रयोगशाळांकडून आलेले पॉझिटिव्ह सकाळी वॉर्डवार वाटले जात. यादीत असायचं: "हनुमान चाळ, खोली ७". एका वॉर्डात हनुमान चाळी डझनभर! वर आधार कार्डावर गावचा पत्ता, फोन रिक्षावाल्या भावाचा, आणि खोली भाड्याची म्हणून मालकाचं नाव वेगळंच.

स्वॅब घेतानाच या पाच गोष्टी लिहून घेतल्या की निम्मा शोध वाचतो:
- कोणतं सार्वजनिक शौचालय वापरता (वस्तीत यापेक्षा पक्की खूण नाही)
- खोली तळाला की माळ्यावर, माळ्याचा जिना कुठून
- चाळ कमिटीत ओळखीचं कोण
- दुसरा मोबाईल, तोही त्याच घरातल्या माणसाचा
- कामाची जागा आणि तिथे जेवायला कोण सोबत बसतं

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "कुणाच्या संपर्कात आलात?" असं विचारलं की उत्तर येतं "कुणाच्याच नाही". "डबा कुणाबरोबर खाता?" म्हटलं की चार नावं पटापट येतात.

आडवा_फाटा

यात धारावी मॉडेलचा (घरोघर रुग्ण शोधून साथ आवरली म्हणतात ते) उदो उदो होणार हे दिसतंच आहे, म्हणून आधीच टाचणी लावतो. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या, इतरत्र १६ टक्के. म्हणजे वस्त्यांत साथ आवरली नाही, ती पसरून गेली. मग घरोघर फिरून काय मिळवलं?

वॉर्डवाली

@आडवा_फाटा, ते सर्वेक्षण आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन वॉर्डांत झालं होतं. धारावी जी-उत्तरमध्ये येते. तो आकडा जसाच्या तसा धारावीला चिकटवू नका.

दुसरं, पसरणं आणि मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडीच चौरस किलोमीटरच्या आत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेकांचं शौचालय सार्वजनिक. तिथे विषाणू पसरणार नाही असं कुणी म्हटलं तर त्याला हसावं. लवकर सापडलेला साठीचा मधुमेही वेळेत हलवला तर तो वाचतो, मग शेजारच्या विशीतल्या पोराला लागण झाली तरी. प्राथमिक सेवेचं माप मृत्यू आणि उशीर यांवर घ्यावं, लागणीवर नाही.

आडवा_फाटा

मुद्दा मान्य, निम्मा. उरलेला निम्मा राखून ठेवतो.

गिरणगावकर

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला आणि सुरुवातीला खाजगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघर तपासणी झाली. पण एप्रिलच्या उन्हात अंगभर पीपीई घालून पत्र्याच्या गल्ल्यांत फिरणं अशक्य झालं. तेव्हा पद्धत बदलून फिव्हर कॅम्प आले: गल्लीच्या तोंडाशी टेबल, लोक तिथे येणार. 'ट्रेसिंग, ट्रॅकिंग, टेस्टिंग, ट्रीटिंग' ही चार टीवाली घोषणा सगळ्यांना माहीत आहे, पण हा बदल फारसा कुणी सांगत नाही, आणि शिकण्यासारखं त्यातच जास्त आहे.

घरोघर सर्वेक्षणाला पूर्ण पीपीई लागतच नाही. केंद्राच्या सूचनांतही क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी तीन पदरी मास्क, हातमोजे आणि अंतर एवढंच होतं. दाराबाहेर उभं राहायचं, आत पाय टाकायचा नाही, रुग्णाला दारात बोलवायचं. अंगभर सूट घातलेली बाई गल्लीत शिरली की दहा दारं आधीच बंद होतात. शिवाय सूट घातला की पाणी नाही, लघवीला जाणं नाही. चार तास असे काढून बाईला चक्कर आली तर दुसऱ्या दिवशी ती गल्ली कोरीच.

तिसरा_माळा

धाग्यात अजून ऑक्सिमीटर कसा आला नाही? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत (सप्टेंबर २०२०) सेविकांच्या हातात तापमापी आणि ऑक्सिमीटर दिले गेले. यंत्र साधं आहे, पण चुका ठरलेल्या आहेत.

माणूस आत्ताच जिना चढून आला असेल तर पाच मिनिटं बसवा. बोट गार असेल तर चोळून गरम करा. नेलपॉलिश आणि ताजी गडद मेंदी आकडा बिघडवतात, दुसरं बोट शोधा. हात टेकवून स्थिर ठेवा. आकडा आल्या आल्या लिहू नका, अर्धा-एक मिनिट थांबा, नाडीचे ठोके पडद्यावर नीट हलताना दिसले की मग लिहा. सावळ्या कातडीवर हे यंत्र किंचित जास्त दाखवू शकतं, म्हणून सीमेवरच्या ९४ ला निर्धास्त होऊ नका.

पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा. घाईत नाडीचा ९८ ऑक्सिजन म्हणून वहीत जातो. पण याहून घातक चूक वेगळीच. इंग्रजी आकड्यांतला सहा उलटा केला की नऊ होतो आणि आठ आठच राहतो. रुग्णाच्या समोर उभं राहून यंत्र उलट्या बाजूने वाचलं तर ८६ चे ९८ दिसतात आणि ९८ चे ८६! म्हणजे जो माणूस तातडीने हलवायला हवा तो "एकदम ठणठणीत" म्हणून नोंदला जातो. उपाय फुकट आहे. टक्क्याची खूण किंवा 'एसपीओटू' ही अक्षरं सरळ दिसतात ना, ते आधी बघायचं आणि मग आकडा. किंवा नेहमी रुग्णाच्या बाजूला उभं राहून, त्याच्याच नजरेने वाचायचं.

कट्टेकरी

म्हणजे एवढे दिवस आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ६८ वर जिवंत होते ते असे होय! (हलके घ्या)

तिसरा_माळा

@कट्टेकरी, ८९ असणार त्यांचा. तोही काही बरा नव्हे, दवाखान्यात न्या त्यांना :-)

सुईदोरा

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीबद्दल भर घालते. बसून ९६ असलेला माणूस चालल्यावर ९१ ला येतो, आणि अशांनाच "काही होत नाहीये हो" वाटत असतं. चालून झाल्यावर ९४ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीन किंवा जास्त अंकांनी उतरला तर त्याला घरी ठेवू नये. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा मिनिटं चालणार कुठे? तिथे खुर्चीवरून उठणं-बसणं एक मिनिट करून घ्यायचं आणि लगेच मोजायचं. ज्याचा आकडा बसूनच ९४ च्या खाली आहे किंवा जो बोलताना धापतोय, त्याला ही चाचणी करायला लावणं म्हणजे गुन्हा.

आणि दिवस मोजा! लक्षणं सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात घसरण होते. पहिल्या दिवशी भेट देऊन "सौम्य" शिक्का मारला आणि पुन्हा गेलंच नाही तर त्या भेटीला अर्थ नाही. एकच फेरी जमत असेल तर ती सहाव्या-सातव्या दिवशी मारा, बाकी दिवस फोन.

कपाळावर धरायच्या तापमापीचंही सांगून टाकते. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं, घाम आलेल्याचं गार. सावलीत थांबवून, घाम पुसून, तीन ते पाच सेंटिमीटरवरून मोजावं. त्यावर 'सरफेस' आणि 'बॉडी' असे दोन मोड असतात. सरफेस मोडवर राहिला की गल्लीतल्या यच्चयावत माणसांचं तापमान ९३-९४ फॅरनहाइट येतं आणि सगळे खूश.

आण्णा_चाळकरी

कापूर, ओवा, काढा, वाफ यावर कुणीच बोलत नाही? निषेध.

सुईदोरा

आण्णा, काढा प्या, हरकत नाही. वाफेने विषाणू मरत नाही. पातेलं उलटून पोरं मात्र भाजतात.

नळकोंडाळं

सार्वजनिक शौचालयाचा विषय वर दोनदा आला, पण जंतुनाशकाचं प्रमाण कुणी दिलं नाही. ३३ टक्के क्लोरीनवाली ब्लिचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. त्यातून साधारण एक टक्का द्रावण होतं. तयार सोडियम हायपोक्लोराइट पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. पावडरीचं द्रावण ढवळून ठेवून द्या, गाळ बसला की वरची निवळी वापरा, नाहीतर फवाऱ्याची नळी तुंबते.

चुका: (१) काल केलेलं आज वापरणं. क्लोरीन उडून जातो, रोज नवं करावं. पोतं उघडं राहिलं तर पावडरसुद्धा मरते. (२) घाणीवरच मारणं. आधी पाण्याने धुवा, मग द्रावण, मग दहा मिनिटं हात लावू नका. (३) संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळणं. क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. (४) भिंती आणि रस्ता भिजवणं. हात लागतो कडीला, नळाला, डबड्याच्या कानाला, दाराच्या आतल्या बाजूला. तिथे फडक्याने पुसा. कड्या लोखंडी असतात, नंतर साध्या पाण्याने पुसल्या नाहीत तर महिन्यात गंजतात. (५) माणसांवर फवारणं. आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच करू नका म्हणून सांगितलं होतं, तरी बोगदे उभे राहिले.

खरं तर शौचालयात हवा खेळती ठेवणं आणि आत जातानाही मास्क न काढणं यांनी जास्त फरक पडतो, पण फवारणीचा फोटो चांगला येतो.

कट्टेकरी

फोटोत नगरसेवक असतील तर क्लोरीन जास्त टिकतो म्हणे.

दोन_थेंब

चौकस यांच्या "मुळीच करू नये" या भागाचं उत्तर माझ्यापुरतं एका वाक्यात: लसीकरणाचं सत्र बंद करू नये. २०२० च्या उन्हाळ्यात बाहेरची सत्रं थांबली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. त्या काळात जन्मलेली पोरं अर्धवट राहिली, काही कुटुंबं गावी गेली, परत आली ती दुसऱ्या खोलीत. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवर उसळला, मुलं दगावली. सगळा दोष लॉकडाऊनवर टाकता येणार नाही, तिथे लसीला नकार आणि कुपोषणही होतं. पण राहिलेल्या डोसांचा ढीग साथीतच वाढला.

सत्र चालू ठेवता येतं, फक्त रचना बदलावी लागते. तापाचे रुग्ण आणि बाळं एका छताखाली नकोत. बाळांसाठी शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर, वेगळा दिवस. सेविकेने वहीतून राहिलेल्यांची यादी काढायची, गल्लीवार वेळा द्यायच्या, तासाला दहा-बारा बाळं, आई सोडून सोबत कुणी नाही. टोचल्यावर अर्धा तास थांबायचं ते उघड्यावर, मांडवाखाली.

आणि एक गैरसमज: "डोस चुकला, आता पहिल्यापासून." नाही! जिथून राहिलं तिथून पुढे. दोन पेंटाव्हॅलंटमध्ये किमान चार आठवडे हवेत, जास्त झाले तर बिघडत नाही. बीसीजी वर्षाच्या आत. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. हे माहीत नसल्याने आया लाजून येतच नाहीत, आणि कधी कधी खिडकीवरची बाईच परत पाठवते.

आडवा_फाटा

हे सगळं कागदावर झकास. पण एका पोस्टात एएनएम बोटांवर मोजण्याइतक्या. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष ५०,००० लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १०,००० मागे एक एएनएम. सगळ्या जागा भरल्या तरी पाच बायका. त्यातल्या दोन पॉझिटिव्ह, एक लसीकरण केंद्रावर, एक वॉर्ड ऑफिसात. उरली एक. तिने क्षय बघावा, बाळं बघावीत की सातव्या दिवसाची फेरी मारावी?

दोन_थेंब

म्हणूनच दोन तुकड्या करायच्या, ज्या एकमेकींना भेटत नाहीत. एक घराबाहेरच्या कामाला, एक सत्राला. जेवणही वेगळ्या खोलीत. कर्मचाऱ्यांत साथ पसरते ती बहुधा रुग्णाकडून नव्हे, मास्क काढून एकत्र डबा खाताना. गिरणगावकरांचा डब्याचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

राहिलं वॉर्ड ऑफिसातलं काम. ते शिक्षकांना, कारकुनांना देता येतं. एएनएमला तिथे बसवणं म्हणजे सुतार हाताशी असताना त्याला लाकडं मोजायला लावणं.

खडीसाखर

क्षयरोगाबद्दल दोन शब्द, कारण तो नेहमीच मागे राहतो. कोविडसाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रं वळवली गेली. ती मुळात टीबीची होती. खोकला दोन्हींत. नियम सोपा ठेवावा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप यांपैकी काही असेल तर कोविड निगेटिव्ह आला म्हणून सोडायचं नाही, बेडकाही तपासायला पाठवायचा. बेडका उघड्यावर घ्यायचा, दवाखान्याच्या मागच्या अंगणात. खोलीत घेऊ नये.

गावी जाणाऱ्या रुग्णाला महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या हातात आणि निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कागदावर लिहून द्यायचा. तो क्रमांक असला की तिकडच्या केंद्रात औषध पुढे चालू होतं. मे २०२० मध्ये मजुरांच्या गाड्या सुटल्या तेव्हा ज्यांच्या खिशात हा कागद नव्हता, त्यांची औषधं मध्येच तुटली. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी आधीच किती आहे ते वेगळं सांगायला नको.

तेच बीपी-शुगरचं. मेटफॉर्मिन, ॲमलोडिपिन महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या एकदम द्याव्यात. स्थिर रुग्णाला गोळ्यांसाठी दर महिन्याला तापाच्या रांगेशेजारी उभं करण्यात काय शहाणपण आहे?

वडाळा_रोड

जूनपासून पुढे आणखी एक लफडं. मुंबईत पावसाळी ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). २०२० नंतर प्रत्येक तापाला कोविडची कांडी लागली आणि निगेटिव्ह आला की "व्हायरल". ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची स्लाइड किंवा रॅपिड टेस्ट झालीच पाहिजे. डेंग्यूची एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत, नंतर आयजीएम. नक्की होईपर्यंत पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव होऊ शकतो.

पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्याला लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन २०० मिलीग्रॅम एकदाच, ७२ तासांच्या आत, डॉक्टरला विचारून. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला हे नाही, त्यांचं औषध वेगळं.

आण्णा_चाळकरी

सगळं पालिकेवर चाललंय. गल्लीतला फॅमिली डॉक्टर कुठे गेला? लोक आधी त्याच्याकडेच जातात, पन्नास-शंभर रुपयांत सुई आणि तीन पुड्या.

खडीसाखर

बरोबर बोललात आण्णा. लॉकडाऊनच्या सुरुवातीला पुष्कळ खाजगी दवाखाने बंद झाले आणि सगळा भार मोठ्या रुग्णालयांवर पडला. नुसतं "उघडा नाहीतर परवाना रद्द" म्हणून दवाखाने चालत नाहीत. आठ बाय दहाचा गाळा, मागे खिडकी नाही, पुढे शटर. तिथे करायचं काय? रुग्ण फूटपाथवर खुर्चीत, डॉक्टर दारात. मागच्या भिंतीला एक्झॉस्ट पंखा, हवा डॉक्टरच्या पाठीमागून येऊन रुग्णाच्या बाजूने बाहेर जाईल असा. एसी बंद. तापाच्या रुग्णांची वेळ शेवटची. बाकीचे फोनवर. दूरध्वनीवरून उपचारांचे नियम २५ मार्च २०२० लाच आले होते.

मात्र याच डॉक्टरांतल्या काहींनी दुसऱ्या लाटेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड सुरू केली. डेक्सामेथासोनचा फायदा ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांना, ६ मिलीग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्याला फायदा नाही, उलट साखर भडकते. मग म्युकर, म्हणजे काळी बुरशी. हेल्थ पोस्टच्या बाईने रुग्णाची गोळ्यांची पिशवी उघडून बघणं हे म्हणून कामाचंच आहे.

पुणेरी_पाटी

अवांतर: १८९६ ची प्लेगची साथ मुंबईत प्रथम ओळखली ती सरकारी रुग्णालयाने नव्हे. मांडवीत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरने सप्टेंबरमध्ये रुग्ण पाहून सांगितलं. धोबी तलावला त्यांचा पुतळा आहे, मेट्रो सिनेमासमोरून जाताना बघा. पुढे सरकारने घरात घुसून रुग्ण उचलायला सुरुवात केली तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले आणि आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगार चालून गेले. आता तिथेच कस्तुरबा रुग्णालय आहे, जिथे २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या तपासण्या झाल्या.

गिरणगावकर

अवांतर कसलं, हे तर मुख्यच आहे! २०२० मध्येही लोकांनी ताप लपवला. एक पॉझिटिव्ह निघाला की गल्ली सील, सगळं घर शाळेत चौदा दिवस, हातावरचं पोट बंद. घरी वेगळी खोली आणि वेगळा संडास असेल तरच घरी राहायला परवानगी, म्हणजे चाळीत कुणालाच नाही. लोकांना शाळेत यायला तयार करणाऱ्या गोष्टी क्षुल्लक असतात: बायकांसाठी आतून कडी असलेलं वेगळं न्हाणीघर, वेळेवर चहा, मोबाईल चार्जिंगचे पुरेसे प्लग, आणि घरी मागे राहिलेल्यांना रेशन. प्लग कमी पडले की भांडणं, भांडणं झाली की व्हिडिओ, व्हिडिओ फिरला की पुढच्या गल्लीत ताप शून्य.

पहिला_नंबर

वाचून झालं. दंडवत. कोविडच्या लसीची कुपी उघडल्यावर चार तासांत संपवायची, त्याचं गणित कुणी सांगेल का? संध्याकाळी "संपली" म्हणून परत पाठवायचे.

दोन_थेंब

कोविशील्डच्या कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिली. थोडं जास्तीचं असतं, हात सराईत असेल तर अकरावाही निघतो. उघडल्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेलं टाकायचं. म्हणून दुपारी साडेतीनला चारच माणसं असतील तर एएनएम कुपी उघडायला धजत नाही, वाया गेलेल्या डोसांचा जाब तिलाच विचारतात. उपाय: सेविकेच्या वहीत जवळच राहणाऱ्या पंधरा-वीस जणांचे फोन, दहा मिनिटांत येऊ शकतील असे. चार जण रांगेत, सहा फोनवर, मग कुपी उघडा. ज्यांना कोविनवर नोंदणी जमत नव्हती ते म्हातारे याच यादीतून आले असते.

बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून तशाच कॅरिअरमध्ये भरू नका. आत पाणी खळखळ वाजेपर्यंत बाहेर ठेवा. ही लस गोठली की बाद.

चौकस

मूळ प्रश्नाकडे परत येतो. नोव्हेंबर २०२२ च्या सुमारास मुंबईत 'आपला दवाखाना' सुरू झाले, रात्री दहापर्यंत उघडे, तपासण्या फुकट. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्याला ते बरेच. पण ते दवाखानेच, चालत येणाऱ्यांसाठी. वहीचं काय? आणि उद्या पोस्टाच्या कपाटात काय असावं?

वॉर्डवाली

वही मोबाईलमध्ये नेली तरी चालेल, पण छापील प्रत पोस्टात हवी. आणि सेविकेला सहा महिन्यांचं मानधन थकवून वही अद्ययावत मागायची नाही.

सुईदोरा

कपाटात: प्रत्येक सेविकेमागे एक ऑक्सिमीटर आणि पोस्टात तीन जास्तीचे. यंत्रं बिघडली नाहीत याची खात्री करायला महिन्यातून एकदा तीन यंत्रं एकाच माणसाला लावून बघायची, दोन-तीन अंकांपेक्षा फरक आला तर बाजूला. काखेत धरायचे साधे डिजिटल थर्मामीटर. सातव्या दिवसाच्या फेरीचे कार्ड, जाड कागदाचे, दारामागे अडकवायला. ब्लिचिंग पावडर जास्त साठवू नका, मरते.

आडवा_फाटा

राखून ठेवलेला निम्मा मुद्दा आता सोडतो. पण वॉररूमला (खाटा वाटणाऱ्या वॉर्डाच्या कक्षाला) फोन करताना काय सांगायचं हेही त्या कार्डावर छापा: वय, लक्षणांचा कितवा दिवस, ऑक्सिजन आत्ताचा (सकाळचा नव्हे) आणि तो नळीशिवायचा की नळी लावून, कोणते जुने आजार, आणि खाली ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत येते. शेवटचं राहिलं की ॲम्ब्युलन्स नाक्यावर आणि रुग्ण तिसऱ्या गल्लीत.

तिसरा_माळा

@सुईदोरा, यादीत एक राहिलं. २०२१ मध्ये कपाटात ठेवलेल्या त्या ऑक्सिमीटरांत दोन-दोन बारीक सेल तसेच असतील. आत्तापर्यंत फुटून हिरवा-पांढरा थर जमला असेल, स्प्रिंग खाल्ली असेल. आधी सेल काढा. थर असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग स्पिरिटने, दिवसभर वाळू द्या आणि मग नवे सेल घालून बघा. आणि उलट्या बाजूने वाचू नका.